जात नसलेल्या मंडळीची जात

‘ख्रिस्तात जात नाही’ हे पाळकसाहेब व्यासपीठावरून इतक्या सराईतपणे सांगतात, की क्षणभर खरंच वाटावं. उपासना सुटते, मंडळी चहाला रेंगाळते, कुणाच्या तरी मुलीच्या सोयरिकीचा विषय निघतो आणि हळू आवाजात पहिला प्रश्न येतो: ‘मूळचे कोणातले?’ विचारणारे तेच असतात, नुकतंच मोठ्याने आमेन म्हटलेले.

आमचा अभिमानसुद्धा जात बघून उतू जातो. नारायण वामन टिळक चित्पावन, पंडिता रमाबाई चित्पावन, नेहेम्या गोरे ब्राह्मण. स्मरणिका कुठलीही काढा, ही तिघं हजर. भांडण त्यांच्याशी नाही. टिळकांची भजनं गातच मी वाढलो. पण नगर जिल्ह्यातल्या मंडळ्या उभ्या राहिल्या त्या प्रामुख्याने महारवाड्यांतून आणि मांगवाड्यांतून. त्या पणजोबांची नावं किती कोनशिलांवर आहेत? पणजोबा लपवायचे, टिळक मिरवायचे आणि वर याला साक्ष म्हणायचं!

हे दुखणं जुनं आहे. मदुरेत जेझुइट मिशनरी रॉबर्ट डी नोबिली ब्राह्मण संन्याशासारखा राहिला आणि 1623 मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी बाप्तिस्मा घेतलेल्या ब्राह्मणांना जानवं ठेवायची मुभा दिली. तिरुचिरापल्लीच्या एका कॅथलिक दफनभूमीत तर दलितांच्या कबरी वेगळ्या काढणारी भिंत उभारली गेली. पुनरुत्थानाच्या दिवशी ती कोण पाडणार, यावर एखाद्या सेमिनरीत प्रबंध झाला असेल तर मला जरूर वाचायला द्या.

आता कायद्याचं. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती दलितांना अनुसूचित जातींच्या यादीबाहेर ठेवलं. 1956 मध्ये सगळे शीख दलित आत आले, 1990 मध्ये बौद्ध, आम्ही उंबऱ्याबाहेरच. मद्रासच्या सूसाई नावाच्या ख्रिस्ती चांभाराने दाद मागितली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये सांगितलं: धर्मांतरानंतरही जातीचा जाच तितकाच तीव्र आहे, हे दाखवा. मागणी पुराव्याची होती आणि पुरावा आमच्याच अंगणात पडला होता. कॅथलिक बिशपांच्या परिषदेने 2016 मध्ये निदान कागदावर कबूल केलं की चर्चमध्ये अस्पृश्यता आहे. आम्ही प्रोटेस्टंट मंडळीत बसून अजून स्तोत्राचा पुढचा नंबर शोधतोय.

आमचे पुढारी जंतरमंतरवर जातीच्या अन्यायाचे फलक धरतात आणि रविवारी ‘आमच्यात जात नाही’ म्हणून ग्वाही देतात. सरकारी वकिलाला याहून स्वस्त साक्षीदार कुठे मिळणार?

धर्मांतरित दलितांना अनुसूचित जातीचा दर्जा द्यावा का, हे तपासायला 2022 मध्ये बालकृष्णन आयोग नेमला गेला, तेव्हा पुन्हा निवेदनांची भाषा सुरू झाली. निवेदनं पुरे झाली. प्रत्येक पाळकाने शपथपत्र करावं: माझ्या पास्टरेट कमिटीवर कोणत्या घराण्यातले लोक पिढ्यान् पिढ्या बसतात, कोणत्या घरातली मुलगी केवळ मूळ कळल्यावर नाकारली गेली, ते लग्न मोडताना मी स्वतः काय बोललो. सही-शिक्क्यासह.