पोकळ गिटारीचा बडिवार

"जॅझ वाजवायचा तर पोकळ गिटारच हवी, सॉलिड बॉडीतून तो गोल, उबदार आवाज निघतच नाही." हे वचन इतक्या ठामपणे सांगितलं जातं, की ऐकणाऱ्याला शंका काढायचीच लाज वाटावी. बिंदुसरा धरणाजवळच्या आमच्या पालीपर्यंतही ते आता पोचलं आहे. ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या एखाद्या पोराला जॅझची गोडी लागते, तो पै-पै करून वीस-पंचवीस हजार साठवतो, आणि कुणीतरी जाणकार त्याला सांगतो की एवढ्यात भागायचं नाही, मोठ्या पोकळ गिटारीचे पैसे जमेपर्यंत थांब. पोरगा थांबतो. बहुतेक वेळा कायमचाच थांबतो.

समोरच्याचं म्हणणं आधी लुळं करून मग त्याला पाडण्यात पुरुषार्थ नाही, म्हणून पूर्वपक्ष पुऱ्या ताकदीनिशी मांडतो. पहिला मुद्दा परंपरेचा. चार्ली ख्रिश्चनने 1939 साली बेनी गुडमनच्या ताफ्यात जाऊन विजेच्या गिटारीला जॅझमध्ये मानाचं पान मिळवून दिलं, तेव्हा त्याच्या हातात गिब्सनची पोकळ ईएस-150 होती. वेस माँटगोमेरीची एल-5 पोकळ, जिम हॉलची ईएस-175 पोकळ. दुसरा मुद्दा पदार्थविज्ञानाचा: पोटातली हवा घुमते, म्हणून आवाजाला ऊब येते. तिसरा मुद्दा थेट आपल्या घरातला. तंबोऱ्याला भोपळा आहे, सतारीला भोपळा आहे. पोकळी नसती तर घुमारा कुठून आला असता?

घरातल्या मुद्द्यापासूनच सुरुवात करू. मिरजेच्या तंबोऱ्याला भोपळा लागतो, कारण नुसती तार फारच थोडी हवा हलवते. तारेचं कंपन घोडीवाटे तबलीत उतरतं, तबली आणि भोपळा मिळून खोलीभर हवा हलवतात. इलेक्ट्रिक गिटारीत ही सगळी मेहनत अँपचा स्पीकर करतो. गिटारीचा पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली केसासारखी बारीक तांब्याची तार. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं, वेटोळ्यात वीज निर्माण होते, आणि तीच वायरमधून पुढे जाते. पोटातल्या हवेचा आवाज पिकअपला ऐकू येत नाही. तो काही मायक्रोफोन नव्हे. त्या गिटारीवर नायलॉनची तार चढवून पाहा. पोट कितीही मोठं असू द्या, अँप मुका राहील.

आणि तंबोऱ्याचाच दाखला द्यायचा, तर तो पुरता द्यावा. भोपळा तोच, तारा त्याच, पण घोडीवर तारेखाली ठेवलेला सुताचा दोरा जरासा सरकला की आवाज खुलतो किंवा मिटतो. त्याला जवारी म्हणतात. मिरजेचा कारागीर जवारी काढताना घोडीचा पृष्ठभाग पुन्हापुन्हा घासतो आणि कान लावतो. भोपळ्याला तो तेव्हा हातही लावत नाही. म्हणजे आपल्या परंपरेतही आवाजाचा रंग तार आणि तिच्या टेकण्याच्या जागेवर ठरतो. पोकळी तो रंग मोठा करून सांगते.

विज्ञानाच्या मुद्द्यावर तर पूर्वपक्ष स्वतःच्याच पायात पाय अडकवून पडतो. ज्या ईएस-175 ला जॅझच्या उबदार आवाजाचं दैवत मानतात, ती 1949 साली आली तीच मुळी थर चिकटवलेल्या मेपलची. साध्या भाषेत प्लायवूड. कोरीव, अखंड लाकडाची वरची फळी फार मोकळेपणाने थरथरते आणि स्पीकरसमोर शिट्टी मारू लागते. थरांची फळी त्यापेक्षा दबून असते, आणि ती स्वस्तही पडते. म्हणजे उबेसाठी पूजली जाणारी पेटी जरा कमी घुमते, हाच मंचावर तिचा फायदा.

लेस पॉलची गोष्ट याहून बोलकी आहे. हा माणूस पक्का जॅझवाला. जुलै 1944 मध्ये लॉस एंजेलिसला झालेल्या 'जॅझ अ‍ॅट द फिलहार्मोनिक'च्या पहिल्या मैफलीत नॅट किंग कोलबरोबर वाजवलेला. त्याच्या काही वर्षं आधी त्याने पाइनच्या चौकोनी ओंडक्यावर तारा आणि पिकअप बसवून एक वाद्य केलं होतं. नावच 'लॉग', म्हणजे ओंडका. लोकांना ते रुचेना. मग त्याने एका एपिफोन गिटारीचं पोट उभं कापून दोन अर्ध्या बाजू ओंडक्याला पंखांसारख्या जोडल्या, आणि लोकांची तक्रार मिटली. आवाज ओंडक्याचा, पंख डोळ्यांसाठी. पोकळ गिटारीबद्दलचा आपला आदर निम्मा तरी डोळ्यांनी ऐकलेला असतो, याचा याहून चोख पुरावा मला माहीत नाही. गिब्सनने पुढे 1952 मध्ये त्याच्याच नावाची सॉलिड गिटार बाजारात आणली.

राहिली परंपरा. चार्ली ख्रिश्चन 1942 साली वारला. फेंडरची पहिली सॉलिड गिटार विक्रीला आली 1950 मध्ये. जी वस्तू बाजारातच नव्हती ती त्याने घेतली नाही, हा त्या वस्तूविरुद्धचा पुरावा कसा होतो? आणि ती आल्यानंतर जॅझवाल्यांनी काय केलं, हे पूर्वपक्ष सोयीस्करपणे गाळतो. टोरांटोचा एड बिकर्ट टेलिकास्टर वाजवायचा. तीच गिटार, जिची ख्याती ग्रामीण 'कंट्री' संगीतातल्या टणत्कारासाठी. त्याने त्या फळीतून असे मऊ, दाट कॉर्ड काढले की पॉल डेस्मंडसारख्या तलम आवाजाच्या सॅक्सोफोनवाल्याने त्याला साथीला घेतलं. त्यांची 'प्युअर डेस्मंड' ही 1970 च्या दशकातली तबकडी डोळे मिटून ऐकावी. गिटार पोकळ की भरीव हे कुणी पैजेवर ओळखून दाखवावं. गिटारवादक जो पास व्यसनमुक्तीसाठी सिनानॉन केंद्रात असताना तिथे असलेली फेंडर जॅझमास्टर वाजवत होता. पुढे त्याला ईएस-175 मिळाली आणि जगाने त्याला तिच्यासकट लक्षात ठेवलं. पण त्याचं वाजवणं काही त्या दिवशी सुरू झालं नाही.

जॅझमास्टरचं नाव निघालंच आहे, तर दुसऱ्या बाजूलाही एक चपराक. फेंडरने 1958 साली ती जॅझवाल्यांसाठी म्हणूनच काढली. रुंद, पसरट पिकअप, आणि आवाज एकदम गडद करणारा वेगळा खटका. तरी जॅझवाल्यांनी तिच्याकडे फारसं बघितलं नाही; ती लाटांवर स्वार होणाऱ्या सर्फ संगीताच्या पोरांनी उचलली. नावात जॅझ आहे म्हणून गिटार घेऊ नये, आणि नावात नाही म्हणून सोडूही नये.

आता प्रांजळपणे एक गोष्ट मान्य करतो, कारण पूर्वपक्षात एक खरा दाणा आहे. तो उबेचा नाही, आसेचा, म्हणजे छेडलेला स्वर किती वेळ टिकतो त्याचा आहे. पोकळ गिटारीत तारेची शक्ती पातळ फळी हलवण्यात झरझर खर्च होते, त्यामुळे स्वर ठपकन उमटतो आणि लवकर विरतो. सॉलिडमध्ये आस लांबते. वेगवान स्विंगमध्ये दर मात्रेला कॉर्डची थाप द्यायची असते, तेव्हा या लांब आसा एकमेकींत मिसळून चिखल करतात. त्यावर उपाय डाव्या हाताचा: कॉर्ड वाजताच बोटांचा दाब सैल करायचा, तार सोडायची नाही, फक्त श्वास काढून घ्यायचा. हे शिकायला वेळ लागतो. पण शिकता येतं, आणि फुकट शिकता येतं.

"सगळं बोटांत असतं हो, गिटार कुठलीही घ्या," असं म्हणणाऱ्यांचाही मी तितकाच विरोधक आहे. हे वाक्य उस्ताद मंडळींच्या तोंडी शोभतं, कारण त्यांच्या हातात वाद्य आधीच जमवलेलं असतं. वेस माँटगोमेरी नखी न वापरता अंगठ्याच्या मांसल भागाने तार छेडायचा, त्याने आवाज मऊ व्हायचा, हे खरंच. पण ब्रिजजवळचा, म्हणजे घोडीकडचा पिकअप चालू ठेवून, बारीक तारा लावून, टोनची कळ पुरती उघडी ठेवून अंगठा घासला, तर त्या अंगठ्याचीच सालं निघतील. ऊब यायची नाही.

मग ऊब येते कुठून? पिकअपच्या जागेपासून. तार मानेकडे मोठ्या झोक्याने हलते, तिथे मूळ स्वर भरपूर आणि वरचे अंशस्वर कमी. ब्रिजपाशी झोका आखूड, तिथे अंशस्वरांचीच गर्दी, म्हणून आवाज टोचतो. चार्ली ख्रिश्चनचा पिकअप एका वेटोळ्याचा, पट्टीसारखा होता. दोन वेटोळ्यांचा हमबकर तेव्हा नव्हताच, गिब्सनने तो गिटारींवर बसवायला सुरुवात केली 1957 मध्ये. तरी ख्रिश्चनचा आवाज गुबगुबीत, कारण त्याचा पिकअप मानेजवळ होता. तेव्हा हमबकर अटळ नाही. पण त्याच्या दोन वेटोळ्यांमुळे विजेची घरघर कटते आणि वरची धार बोथट होते, म्हणून तो सोयीचा. गिऱ्हाईक फसतं ते इथेच. 'हमबकर आहे' असं ऐकून पोरगा खूश होतो, पण अनेक स्वस्त मॉडेलांत तो ब्रिजपाशी असतो आणि मानेकडे एकेरी पिकअप. यामाहाची पॅसिफिका 112 ही चांगली गिटार, पण तिची मांडणी नेमकी अशी आहे. आपल्याला हमबकर मानेकडे हवा.

त्याखालोखाल तारा. दुकानातून गिटार येते तेव्हा तिच्यावर बहुधा 9 नंबरच्या, गोल गुंडाळीच्या तारा असतात. त्या काढून 11 किंवा 12 नंबरच्या फ्लॅटवाउंड चढवाव्यात. यांच्यावर बाहेरची गुंडाळी चपट्या पट्टीची असते. बोट सरकलं की किरकिर येत नाही, आणि वरचा चमचमाट जन्मतःच कमी. तिसरी तारही गुंडाळीची घ्यावी. साधी जाड तार कॉर्डमध्ये बेसूर लागते. या तारा महाग असतात, पण महिनोन्महिने टिकतात. जुन्या होतात तशा अधिकच मवाळ होतात.

आणि टोनची कळ. आमच्याकडची निम्मी मंडळी तिला हातही लावत नाहीत. दहावरून चार-पाचवर आणली की कपॅसिटर वरच्या कंपनांना जमिनीचा रस्ता दाखवतो. सॉलिड बॉडीची किंमत, लाकूड, देश, सगळं बाजूला राहिलं तरी या एका कळीने आवाज निम्मा बदलतो.

खरी मेख मात्र अँपपाशी आहे, आणि पालीसारख्या गावांत तर विशेष. इथे गिटार बहुतेकदा सरळ मंडपवाल्याच्या मिक्सरमध्ये खोचली जाते. मिक्सरचं साधं इनपुट गिटारीच्या पिकअपसाठी बनलेलंच नसतं, त्याने आवाज पातळ होतो. वर 'टॉप' म्हणतात त्या स्पीकरपेट्यांतले भोंगे तीक्ष्ण कंपनं जशीच्या तशी बाहेर फेकतात. गिटारीच्या अँपमधला 12 इंची स्पीकर साधारण 5 हजार हर्ट्झच्या पुढचं बरंचसं गिळून टाकतो, म्हणून आवाज कानाला गोल वाटतो. म्हणजे लग्नाच्या मंडपात सॉलिड गिटार कर्कश लागली, तर त्यात गिटारीचा दोष नाही. तिथे पोकळ गिटार नेली, तर कर्कशपणा राहीलच, वर ती शिट्टी मारेल ती वेगळीच: भोंग्याचा आवाज तिची फळी हलवणार, फळी तार हलवणार, तार पुन्हा भोंग्याला चिथवणार. छोटा का होईना, स्वच्छ आवाजाचा गिटार अँप घ्यावा आणि त्याच्यासमोर माइक ठेवून तो मिक्सरला द्यावा.

लाकडाचा वाद मी दोन वाक्यांत संपवतो. महोगनी, अ‍ॅश, पॉप्लर यांनी थोडा फरक पडत असेलही. मानेकडचा पिकअप, फ्लॅटवाउंड आणि टोनची कळ पाचवर आणल्यावर तो कुणी ऐकून सांगावा. हवामानाचा मुद्दा मात्र खरा आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी ठणठणीत. अखंड लाकडाची पातळ फळी अशा हवेत तडकू शकते. सॉलिड गिटारीचं फार तर फिंगरबोर्ड आकसतं आणि फ्रेटची टोकं तळहाताला ओरखडतात. ती कानशीने घासून घेता येतात.

"पण जॅझ आपला कुठे?" असंही कुणीतरी विचारतंच. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी 1951 च्या 'अलबेला' चित्रपटात चिक चॉकलेटसारख्या गोव्याच्या जॅझवाल्याला हाताशी धरून जे स्विंग वाजवलं, त्यावर आपले आजी-आजोबा ठेका धरत होते. हा प्रश्न तेव्हाच निकाली निघाला.

तेव्हा पालीतल्या त्या पोराला माझं सांगणं असं. साठवलेले सगळे पैसे गिटारीत घालू नकोस. निम्म्याच्या आसपास गिटारीला, उरलेले अँपला आणि तारांना ठेव. दुकानात गेलास की अँप स्वच्छ लाव, मानेकडचा पिकअप निवड, टोन पाचवर आण, आणि पातळ तारांवर बाराव्या घराच्या वर एकेक स्वर वाजव. जाड तारा कुठल्याही गिटारीवर गोल लागतात. परीक्षा पातळ तारांची. तिथेही स्वर भरीव लागला, मान सरळ असली आणि ट्यूनिंगच्या खुंट्या सरकत नसल्या, तर किमतीची चिठ्ठी बघून दुसरी गिटार मागू नकोस. 12 नंबरच्या तारा नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाच्या पट्टीच्या खाचेत मावत नाहीत, म्हणून खाचा रुंद करायला नेशील, तेव्हा कारागिराला नव्या तारांचं पाकीट आधी दाखव. अंदाजाने घासली आणि खाच खोल गेली, तर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खरखरते आणि नट नवाच बसवावा लागतो.