कासवाचे गुरुजी



'मुलांना कोडिंग कधीपासून शिकवावं?' हा प्रश्न हल्ली घराघरांत ऐकू येतो. मला विचाराल तर, कधीही सुरू करा; पण आधी मुलाला यंत्राचा गुरुजी होऊ द्या.

ही कल्पना माझी नव्हे. १९६७ साली अमेरिकेत सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी 'लोगो' नावाची संगणकभाषा तयार केली. पॅपर्ट मुळात गणिती. जिनिव्हात ज्याँ पियाजे यांच्याबरोबर काम केलेले. लोगोमधलं कासव पडद्यावर रेघ ओढत चालतं. त्याला पुढे-मागे जाणं, वळणं असं मोजकंच येतं. 'चौकोन' म्हटलं की ते सरळ सांगतं, चौकोन कसा करायचा ते मला माहीत नाही! मग मुलाने शिकवायचं : १०० पावलं पुढे जा, ९० अंशांत उजवीकडे वळ, असं ४ वेळा कर, याचं नाव चौकोन. झालं, शब्द लक्षात राहिला. पुढे 'घर' शिकवताना भिंतींसाठी नुसतं 'चौकोन' म्हटलं की पुरे. मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहिला तरी चालतो, कारण अर्थ तुम्ही शिकवाल तोच. फक्त साठवून ठेवायला हवं, नाहीतर संगणक बंद केला की सगळं विसरतं. म्हणजे वही इथेही सुटत नाही!

खरी गंमत त्रिकोणाची. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंश हे पाठ असतं, म्हणून मूल वळायला ६० सांगतं. कासव इमानाने तेवढंच वळतं आणि त्रिकोणाऐवजी अर्धा षटकोन काढून थांबतं. मग मुलाने स्वतः खोलीत कासवासारखं चालून बघायचं. तेव्हा उमगतं की वळायचं ते बाह्यकोनातून, १२० अंश. तीन वळणांत पूर्ण फेरी, ३६०. फळ्यावर कितीही वेळा सांगितलं तरी हे इतकं पक्कं होत नाही, हे उभी हयात वर्गात घालवल्यावर सांगते आहे.

आपल्या वर्गांत 'येत नाही' म्हणायची मुलांना केवढी लाज वाटते! इथे ते वाक्य यंत्रच म्हणतं. आणि आकृती बिघडली तर कुणी रागावत नाही. आपण काय सांगितलं ते पुन्हा वाचायचं आणि सुधारायचं.

आता काहीही विचारलं तरी क्षणात उत्तर देणारी यंत्रं आली आहेत. उपयोगी आहेत, नाही म्हणत नाही. पण ज्याला विचारावं ते येतं, त्याला मूल काय शिकवणार? त्याच्यासमोर ते कायमचं विद्यार्थीच राहणार. म्हणून आधी हे अडाणी कासव हाती द्यावं. लोगोच्या मोफत आवृत्त्या मिळतात, पायथनमध्येही कासव आहे.

दुसऱ्याला शिकवताना आपलं आपल्याला नीट कळतं, हे शिक्षकांना ठाऊक असलेलं सुख आहे. ते मुलांनाही मिळावं, एवढंच म्हणणं. नातवंडांबरोबर एकदा बसून बघाच.