पाहुणे, कासवें आणि सातबारा

सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून 1997 सालीं जाहीर झाला, तेव्हां आम्ही तालुक्याच्या कचेरींत कारकून होतों. आतां शहाळीं विकणाऱ्यासही चार पैसे मिळतील, असें जो तो बोलूं लागला. रस्ते झाले, पाहुणेही येऊं लागले, हें नाकबूल करण्याचें कारण नाहीं. तारकर्लीची पुळण पाहावयास, आंबोलीचे धबधबे पाहावयास, रात्रीं विजेऱ्या घेऊन तेथील बेडूक व साप धुंडावयास लांबलांबून मंडळी येतात. ज्या बेडकांकडे आमच्या वाडवडिलांनीं ढुंकूनही पाहिलें नाहीं, त्यांचें छायाचित्र घेण्यासाठीं लोक भर पावसांत चिखलांत पालथे पडतात! हिरण्यकेशीच्या कुंडांत एका लहानशा माशाची नवी जात सांपडली, व त्या माशापायीं 2021 सालीं ती जागा जैवविविधता वारसास्थळ ठरली. असो. हौसेस मोल नाहीं. आमचा प्रश्न एवढाच कीं, या सर्व उलाढालींत शेतकऱ्याच्या पदरांत काय पडतें?

मंडणगड तालुक्यांतील वेळास गांव वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. तेथील पुळणीवर थंडीच्या दिवसांत समुद्री कासवें रात्रीं वर येतात, मागच्या पायांनीं वाळूंत खळगा करून त्यांत शंभराच्या आसपास अंडीं घालतात, व तो बुजवून परत जातात. पूर्वीं हीं अंडीं उकरून नेणारे होते. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र या संस्थेनें गांवकऱ्यांस हाताशीं धरून तीं कुंपणांत सुरक्षित पुरण्याचा उद्योग आरंभिला. साधारण पन्नास दिवसांनीं पिलें निघतात. तीं सकाळ-सायंकाळ समुद्राकडे सोडण्यांत येतात, व तें पाहण्यासाठीं पाहुणे जमतात. हे पाहुणे गांवकऱ्यांच्याच घरीं उतरतात, घरचा भात व सोलकढी जेवतात. पैसा थेट घरधनिणीच्या हातांत जातो. जमीन जागच्या जागीं, सातबाऱ्यावरील नांवही जागच्या जागीं.

याच्या उलट प्रकार आम्हीं डोळ्यांनीं पाहिला आहे. एक बागायतदार कचेरींत येत असत. समुद्राला लागून त्यांची वीस-बावीस गुंठे माडाची बाग होती. मुलीच्या लग्नाचें कर्ज डोक्यावर. दलालानें गुंठ्याचा दर सांगितला आणि बाग गेली. फेरफाराची नोंद आमच्याच हातून पुढें सरकली. चार वर्षांनीं तेच गृहस्थ एका दाखल्यासाठीं आले, ते त्याच जागेवरील हॉटेलाच्या पहारेकऱ्याच्या गणवेषांत. आम्हीं नेहमीप्रमाणें “या तात्या” म्हटलें. त्यांनीं मात्र प्रथमच आम्हांस “साहेब” म्हटलें.

अशा हॉटेलांचे दिवे रात्रभर पुळणीवर जळतात. कासवाचें पिलूं वाळूंतून निघतांच उजेडाच्या दिशेस धांवतें. काळोख्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राचा असतो; येथें तो हॉटेलाच्या ओट्याचा. म्हणजे जें पाहावयास यावयाचें, त्याचाच नाश करावयाचा.

डोंगराकडील हकीगत निराळी. 2002 च्या सुमारास कर्नाटकांतून हत्ती दोडामार्गांत उतरले. तिलारी खोऱ्यांतील रान 2020 सालीं संवर्धन राखीव क्षेत्र झालें. शहरच्या मनुष्यास हत्ती दिसला तर जन्माचें सार्थक. आमच्या बागायतदारास दिसला तर केळीची बाग एका रात्रींत भुईसपाट. गवे भातांत, वानर नारळांवर. पंचनामे आम्हीं पुष्कळ वाचले आहेत. त्यांत माडाची नुकसानी झाडामागें ठराविक दरानें धरतात. परंतु माड म्हणजे कांहीं एका हंगामाचें भात नव्हे. लावल्यापासून फळावर येण्यास सहा-सात वर्षें, आणि पुढें पन्नास-साठ वर्षें तो घर चालवितो. ऐन भरांतील माड पडला तर मधलीं वर्षें कोणाच्या हिशेबीं धरावीं, याचा रकाना आम्हांस पंचनाम्यांत कधीं आढळला नाहीं.

आमचें मत असें कीं, रान पाहावयास येणाऱ्यांकडून जें शुल्क घ्यावयाचें, त्याचा ठराविक हिस्सा रानाच्या कडेच्या गांवांतील नुकसानीकडे वळवावा, व फळझाडाची भरपाई त्याचें वय आणि उरलेलें उत्पन्न पाहून ठरवावी. पाहुणे कमी येतील असें कोणी म्हणेल. वीस रुपये अधिक पडले म्हणून मुंबईहून आलेला मनुष्य घाटांतून परत फिरेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गरजवंतास जमीन विकूं नको म्हणून सांगणें सोपें. लग्न, दुखणें, मुलांचें शिक्षण थांबत नाहीं. खरें आहे, आम्हांसही मुली आहेत. म्हणूनच अगदींच अडचण असेल तर जागा मुदतीनें भाड्यानें द्यावी, करार नोंदवून घ्यावा, मुदत व भाडेवाढ स्वच्छ लिहावी. चार शेजाऱ्यांनीं मिळून घरींच पाहुण्यांची सोय केल्यास उत्तम. अशा कामास कर्ज देण्याचा विचार आपल्या सोसायटीनें येत्या सभेंत करावा. खतास कर्ज मिळतें, मग दोन खोल्या व एक संडास बांधण्यास कां मिळूं नये? ठरावाचा मसुदा आम्हीं लिहून ठेविला आहे. ज्यांस पाहावयाचा असेल त्यांनीं सभेपूर्वीं कोणत्याही सायंकाळीं आमच्या घरीं यावें. येतांना आपल्या जमिनीचा ताजा सातबारा मात्र बरोबर आणावा. कित्येकांनीं तो वर्षानुवर्षें पाहिलेलाच नाहीं.