मिशन आणि टार्गेट

ऑनसाइटला असताना एका शनिवारी सकाळी दार वाजलं. उघडून बघतो तर दोन पोरं उभी. पांढरा शर्ट, टाय, खिशावर नावाची काळी पट्टी, वय एकोणीस-वीस. मॉर्मन मिशनरी! 'नको रे बाबा' म्हणून दार लावणारच होतो. पण बाहेर मरणाची थंडी होती, आणि आपल्याकडे दारात आलेल्याला निदान पाणी तरी विचारतात. म्हटलं, या आत. चहा विचारला तर नको म्हणाले. त्यांच्या पंथात चहा-कॉफी चालत नाही म्हणे. आता यावर सांगलीकर माणसाने काय बोलावं!

धर्माचं बोलणं दहा मिनिटांत संपलं, कारण मला त्यात रस नव्हता. मग मीच त्यांना विचारत बसलो. मुलांना दोन वर्षं, मुलींना दीड वर्ष. खर्च स्वतःचा किंवा घरच्यांचा. कुठे पाठवायचं ते चर्च ठरवणार. सदैव जोडीने राहायचं, जोडीदारही चर्चच देणार. 2019 पर्यंत तर घरी फोन वर्षातून दोनदाच करता यायचा, आता आठवड्याला करता येतो. आणि दर आठवड्याला आकडे वर कळवायचे. किती जणांना भेटलो, किती जणांना शिकवलं, किती जण बाप्तिस्म्याला तयार झाले वगैरे. म्हटलं, अरे हे तर आमचं स्टेटस रिपोर्ट! "आज किती दारं झाली?" असं विचारलं. त्यातला एक हसून म्हणाला, "मोजणं सोडून दिलंय. बसायला सांगणारे तुम्ही पहिलेच."

त्यांचा हा सगळा उद्योग मला पटत नाही. तरी ते गेल्यावर मला मिरज आठवलं.

आमच्या घरात 'मिशन' म्हणजे दवाखाना. आजीचं पोटाचं ऑपरेशन 'मिशनला' झालं, आणि तिथे येशूबद्दल कोण काय बोललं हे तिला विचारलं तर ती म्हणायची, "बोलत असतील बाई, मला टाक्यांचं पडलं होतं." हे मिशन उभं केलं विल्यम वान्लेस यांनी. कॅनडात जन्मलेला, न्यूयॉर्कला शिकलेला हा डॉक्टर 1889 मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे इकडे आला. (पंथ वेगळा. मॉर्मनांचा आणि त्यांचा संबंध नाही.) तेव्हा वय चोवीस, म्हणजे माझ्याहून लहान. आधी सांगलीत दवाखाना काढला, मग 1894 मध्ये मिरजेत हॉस्पिटल. पुढे नर्स आणि डॉक्टर तयार केले, क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम काढलं, आणि 1928 पर्यंत इथेच राहिले. वान्लेसवाडी हे नाव त्यांचंच. मिरज पुढे डॉक्टरांचं गाव झालं, त्याचा पाया हा.

आता कुणी म्हणेल, हे सगळं धर्मांतरासाठीच होतं ना? होतं की! ते लपवायचं कारण नाही, त्यांनीही लपवलं नाही. मिशनच्या दवाखान्यांत आधी प्रार्थना आणि मग औषध असा शिरस्ता असे. हे मला खटकतं. ज्याचं पोट दुखतंय तो माणूस वाद घालू शकत नाही, त्याला प्रवचन ऐकवणं हा सरळ व्यवहार नाही. पण त्यांच्याच फूटपट्टीने मोजा. 2011 च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात ख्रिस्ती लोक एक टक्कासुद्धा नाहीत. टार्गेट म्हणून बघितलं तर प्रोजेक्ट साफ आपटलं. ज्याला ते साधन समजत होते ते मात्र टिकलं. रोज सकाळी उठून केलेली ड्रेसिंग आणि ऑपरेशनं.

या आकड्यांचा काच आतल्या माणसालाही होतो. माझं आजोळ साताऱ्याचं, त्यामुळे रेव्हरंड टिळक तिथे राहिले होते हे लहानपणापासून ऐकलेलं. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यानंतर पाच वर्षांनी त्या धर्मात गेल्या. दरम्यान त्या घरात काय काय झालं ते 'स्मृतिचित्रे'त वाचा. मिशनच्या नोकरीतले चढउतार घरातली बाई कशी सोसते हे कुठल्याच अहवालात येत नाही. तर या टिळकांनी 1917 मध्ये अमेरिकन मराठी मिशन सोडलं आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही चालणार होते. म्हणजे फॉर्ममधला मुख्य रकानाच त्यांनी खोडून टाकला! 1919 मध्ये ते वारले आणि दरबार फार काळ चालला नाही. पण इतकी वर्षं आत काढलेल्या माणसाला हे करावंसं वाटलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे मिशनरी म्हटलं की दोनच गट पडतात. एक म्हणणार सगळे संत, दुसरा म्हणणार सगळे धर्म बाटवणारे. मिरजेला टाके घालून घेऊन आलेला माणूससुद्धा पारावर बसून दुसऱ्या गटात बोलतो, हे मी पाहिलंय. माझं म्हणणं साधं आहे. हेतू पटत नसेल तर तोंडावर सांगा, मीही त्या पोरांना सांगितलं. पण कामाचं देणं असेल ते कबूल करा. ते कबूल केल्याने आपला धर्म काही पातळ होत नाही.

ती पोरं गेली तेव्हा खिडकीतून बघत होतो. शेजारच्या म्हातारीच्या पायऱ्यांवर बर्फ साठला होता. दोघांनी तिच्याकडून फावडं मागून घेतलं आणि अर्धा तास उपसत बसले. ती त्यांच्या चर्चची नव्हती, होणारही नव्हती. त्या आठवड्याच्या रिपोर्टमध्ये त्यांनी ते कुठल्या रकान्यात टाकलं असेल कुणास ठाऊक.

असो. उद्या रविवार, परवा माझं स्वतःचं स्टेटस पाठवायचंय.