रात्रीच्या फोटोसाठी बल्ब कोणता घ्यावा?

शिरूर अनंतपाळहून एका भगिनीने विचारणा केली आहे. त्या दिवसा मजुरीला जातात, रात्री मशीनवर ब्लाऊज आणि लहान मुलींचे फ्रॉक शिवतात आणि त्यांचे फोटो मोबाईलवरून लातूर-पुण्याच्या गिऱ्हाइकांना पाठवतात. फोटोत निळा दिसलेला ब्लाऊज हातात पडल्यावर मोरपंखी निघतो आणि परत येतो. जाण्या-येण्याचा खर्च यांच्याच अंगावर. दुसरे गाऱ्हाणे लेकीच्या फोटोचे. चेहरा राखेसारखा येतो आणि शेजारीण सुचवते, "अ‍ॅपमध्ये टाक, गोरी होईल." जास्त वॅटचा बल्ब लावला तर दोन्ही अडचणी दूर होतील काय, असा त्यांचा प्रश्न आहे.

नुसत्या वॅटने होणार नाहीत. वॅट म्हणजे बल्ब वीज किती खातो याचे माप. उजेड किती देतो ते ल्युमेनमध्ये मोजतात आणि तो आकडा खोक्यावर छापलेला असतो. २०१५ च्या उजाला योजनेपासून घरोघर गेलेला ९ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ९०० ल्युमेन देतो. फोटोसाठी १२ ते १५ वॅटचे दोन बल्ब पुष्कळ झाले. पूर्वी लग्नात व्हिडिओवाला हजार वॅटचा हॅलोजन तोंडावर धरायचा, नवरा-नवरी घामाने भिजून जायचे. ते दिवस गेले, बरे झाले.

खरी गोम उजेडाच्या रंगात आहे. खोक्यावर केल्विनचा आकडा पाहावा. २७०० म्हणजे जुन्या तारेच्या बल्बसारखा पिवळा, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. भर दुपारचे ऊन ५५०० च्या आसपास असते. यांपैकी कोणताही चालेल, पण खोलीत एकच हवा. आपल्या घरात एका भिंतीवर पांढरी ट्यूब, दुसरीकडे पिवळा बल्ब, असे असते. माणसाचा डोळा ते सांभाळून घेतो. कॅमेऱ्याला ते जमत नाही. तो एकाचा हिशेब धरतो आणि दुसऱ्या बाजूचा रंग बिघडवतो. म्हणून फोटो काढताना बाकीचे सगळे दिवे बंद करावेत आणि एकाच कंपनीचे, एकाच आकड्याचे दोन बल्ब लावावेत.

दुसरा आकडा सीआरआय. त्या उजेडात वस्तूचे रंग किती खरे दिसतात हे तो सांगतो. १०० हा सर्वांत वरचा. साधे एलईडी बल्ब ८० च्या घरात असतात. ९० किंवा त्याहून वरचा मिळाला तर थोडे पैसे जास्त गेले तरी घ्यावा. कापडाचा धंदा करणाऱ्या भगिनीने तर यात काटकसर करूच नये. एक ब्लाऊज परत येण्याचा खर्च आणि बल्बमधला फरक, दोन्ही शेजारी मांडून पाहावेत. हलक्या बल्बच्या उजेडात लाल रंग मुख्यतः मार खातो. सावळ्या कातडीत तांबूस छटा पुष्कळ असते. तीच गेली की चेहरा राखेसारखा दिसतो.

तेव्हा त्या लेकीच्या रंगाला कोणी बोल लावू नये. फोटोचे तंत्रच मुळात गोऱ्या कातडीचे माप धरून वाढले आहे. अमेरिकेतील कोडक कंपनी १९५० च्या दशकापासून फोटो धुणाऱ्या लॅबना एक नमुना-फोटो पाठवीत असे. त्यावर एक गोरी बाई असे आणि त्याला शर्ली कार्ड म्हणत. तिचा चेहरा बरोबर आला की रंग बरोबर, असा हिशेब. काळ्या माणसांचे चेहरे त्यात बुडून जात. पुढे चॉकलेट आणि लाकडी सामानाच्या व्यापाऱ्यांनी आपल्या मालाचा तपकिरी रंग नीट येत नाही अशी तक्रार केली, तेव्हा कंपनीने लक्ष घातले. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया त्या कार्डावर आल्या त्या १९९० च्या दशकात.

आता मांडणी. कपड्याचा फोटो असेल तर दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर एकेक बल्ब ठेवावा. चेहऱ्याचा असेल तर एकच बल्ब बाजूने, डोळ्यांपेक्षा थोडा वर लावावा आणि दुसऱ्या बाजूला पांढरी चादर ताणून धरावी. तिच्यावरून परतलेला उजेड सावली मऊ करतो. १९१३ साली पडद्यावर आलेल्या 'राजा हरिश्चंद्र'च्या चित्रीकरणात दादासाहेब फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अशाच चादरी धरून उन्हात उभ्या राहत. बल्ब दुप्पट दूर नेला की उजेड चौथाईवर येतो, म्हणून तो दोन-तीन हातांवरच असावा. उघडा बल्ब टोचत असेल तर मध्ये पांढरे पातळ कापड टांगावे, मात्र बल्बपासून हातभर लांब. बल्बला गुंडाळू मुळीच नये. एलईडीसुद्धा मागून तापतो आणि कोंडला तर लवकर जातो.

आपल्या पुष्कळ घरांच्या भिंती निळ्या असतात. भिंतीला टेकून बसवले तर तो निळा रंग गालावर उतरतो. दोन हात पुढे बसवावे. मोबाईलच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट ठेवले की कॅमेरा चेहऱ्याचा उजेड धरतो. हे न करता मागे पांढरी चादर लावली तर चेहरा काळवंडलाच समजा.

आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून बल्बचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. चांगल्या बल्बमध्ये ते जाणवत नाही, हलक्यामध्ये व्हिडिओवर काळे पट्टे सरकतात. दुकानदाराला बल्ब लावायला सांगावा आणि मोबाईलचा कॅमेरा त्याच्यासमोर धरावा. पट्टे दिसले तर तो बल्ब परत ठेवावा. खोक्यावर बीआयएसचे चिन्ह आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. घरचा होल्डर पिनेचा की पेचाचा, तेही आधी बघून जावे. वीज गेल्यावर चालणारा चार्जिंगचा बल्ब मात्र या कामाला घेऊ नये, बॅटरी उतरेल तसा त्याचा उजेड मंदावतो.

सीआरआयचा आकडा खोक्यावर नसेल तर जाताना पदरात एक पिकलेली लाल मिरची न्यावी. आधी ती दुकानाबाहेर उन्हात पाहावी, मग त्या बल्बखाली तळहातावर ठेवून पाहावी. मिरची विटकरी आणि तळहात फिकट वाटला तर दुसरा बल्ब मागावा.