विश्लेषण : ‘इव्हँजेलिकल’ म्हणजे उजवेच का? कोल्हापुरातला जुना वाद काय सांगतो?

अमेरिकेत २०१६ पासूनच्या तिन्ही अध्यक्षीय निवडणुकांत गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकी ८० टक्क्यांच्या आसपास मते डोनाल्ड ट्रम्प यांना गेली. त्यामुळे हा शब्द ऐकला की उजवे राजकारणच आठवते. मूळ अर्थ वेगळा आहे. बायबल हेच अंतिम प्रमाण, तारण वैयक्तिक आणि शुभवर्तमान सांगणे हे कर्तव्य, असे मानणारा प्रोटेस्टंट म्हणजे इव्हँजेलिकल. मत कुणाला द्यायचे, हे त्यात येत नाही.

कोल्हापूरचा संबंध काय?

अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले आणि त्यांनी शाळा चालवल्या. त्यांच्या अमेरिकन बोर्डाचे धोरण मात्र आधी प्रचार, शाळा नंतर, असे झाले होते. वाइल्डर यांनी १८६१ मध्ये शाळांच्या बाजूने पुस्तकच लिहिले. बोर्डाशी फारकत झाली, तरी ते कोल्हापुरात परतले आणि स्वतंत्रपणे काम करत राहिले. त्यांना पुरोगामी म्हणणे जरा जास्तच होईल. शाळा हाही त्यांच्या लेखी धर्मप्रसाराचाच मार्ग होता. पण आत्म्याचे तारण आधी की माणसाचे जगणे, हा वाद तेव्हाच इथे झडला होता.

१९७४ च्या लोझान परिषदेत जगभरच्या इव्हँजेलिकलांनी सामाजिक-राजकीय सहभाग हाही ख्रिस्ती कर्तव्याचा भाग असल्याचे मान्य केले.

मग आज अडते कुठे?

जातीवर. १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांनाही मिळतो, ख्रिश्चनांना नाही. म्हणजे एकाच वस्तीतला बौद्ध मुलगा शिष्यवृत्तीला पात्र, ख्रिस्ती झालेल्या चुलतभावाला अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत, ॲट्रॉसिटी कायद्याचे संरक्षणही नाही. (शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात जी वसतिगृहे निघाली, त्यांत ख्रिस्ती विद्यार्थ्यांचेही एक होते.)

इथे धर्मशास्त्र आडवे येते. ख्रिस्तात भेद नाही, मग मंडळीने जातीचा दाखला का मागावा, असा पाळकांमधल्या एका गटाचा सवाल. दुसरा गट म्हणतो, उपासनेत एका बाकावर बसल्याने गावातली जात सुटत नाही. दुसऱ्यांचे म्हणणे अनुभवाला अधिक धरून आहे. पण ते मान्य केले, की मंडळीतही जात टिकून आहे हे कबूल करावे लागते, आणि खरी अडचण तीच आहे.

केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग या प्रश्नासाठी नेमला. मुदत दोन वर्षांची होती. ती वाढवावी लागली.