बाटली खरी, पण लेबल वाचलं का?



भात झोडून झालं, वाल फुलावर आलेत, मावा दिसायला लागलाय. लगेच ग्रुपवर फवारणीचे मेसेज सुरू. वर लिहिलेलं असतं "शास्त्रज्ञांचा सल्ला". शास्त्रज्ञ कोण, कुठल्या पिकावर बघितलं, काय नाय. कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रातला माणूस सांगतो तेव्हा तो उद्या पण तिथंच भेटतो. लागू पडलं नाय तर जाऊन विचारता येतं. मेसेजला कुठं जाऊन विचारणार?

औषधाच्या बाटलीचं बघा. तिची नोंदणी सरसकट नसते. कुठलं पीक, कुठली कीड, किती मात्रा, फवारल्यावर किती दिवसांनी तोडणी, सगळं लेबलवर असतं. कृषीवाले त्याला लेबल क्लेम म्हणतात. फक्त कापसाला मंजूर असलेलं औषध वालावर मारलं तर बाटली खरी, बिल खरं, दुकानदाराचा परवाना पण खरा. मंजुरी मात्र वालासाठी नाय.

माझ्या मते सरकारचंही असंच आहे. निवडून आलं म्हणजे बाटली खरी, त्यात वाद नाय. पण लेबल? आपल्या पालघर जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ चा पेसा कायदा सांगतो, प्रकल्पाला जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी सल्लामसलत करा. २०१३ चा भूसंपादन कायदा त्याच्या पुढं गेला, कलम ४१ मध्ये चक्क आगाऊ संमती लिहिलीय. सल्ला आणि संमती यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ओडिशात नियमगिरीला २०१३ साली सुप्रीम कोर्टानं विषय ग्रामसभांकडं पाठवला (कायदा तिथं वनहक्काचा होता). बाराच्या बारा ग्रामसभा नाही म्हणाल्या, बॉक्साइटची खाण थांबली.

आता आपलं वाढवण. सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं १९९६ ला डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आलं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी अध्यक्ष. १९९८ ला त्यांनी सांगितलं, बंदर इथं चालणार नाय. २०१९ ला धर्माधिकारी साहेब गेले. जुलै २०२३ ला त्याच प्राधिकरणानं अटी घालून ना हरकत दिली, ३० ऑगस्ट २०२४ ला भूमिपूजन. बंदराच्या बाजूचे म्हणतात, शिक्का आहे ना, मग विषय संपला. मला हे पटत नाय. शिक्का तर १९९८ च्या कागदावर पण होता. मधल्या पंचवीस वर्षांत समुद्र बदलला, अभ्यास बदलला की नुसती माणसं बदलली, हे डालदा मारणाऱ्या मच्छीमाराला त्याच्या भाषेत समजावून सांगायला नको? त्याला पटलं असतं की नाय, ती पुढची गोष्ट.

पण आपली बाजू तरी कुठं साफ असते? ग्रामसभेला वीस माणसं, आणि प्रोसिडिंग बुक नंतर घरोघरी फिरतं, सह्या गोळा करायला. असं बुक माझ्या ओटीवर पण आलंय. वर ठराव लिहायला जागा कोरी सोडलेली. असल्या ठरावाला कोर्टात कोणी उडवून लावलं तर दोष कोणाला देणार?

२६ जानेवारीची ग्रामसभा जवळ आलीय. जमिनीचा विषय असो नायतर गटाराचा, ठराव सभेतच लिहून मोठ्यानं वाचायला सांगा, मग सही करा. नक्कल मागा, मोबाईलवर फोटो पण काढून ठेवा. आणि वालावर फवारायच्या आधी बाटली फिरवून मागची बारीक अक्षरं वाचा, चष्मा लागत असेल तर पोराला वाचायला सांगा.